वायरिंगचा कागद

हौशी लोक कंटेसाला ‘भारताची मसल कार’ म्हणतात. अमेरिकेच्या हिशेबात ते बसत नाही. तिकडे १९६४ मध्ये पाँटिॲकची जीटीओ आली आणि मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं व्ही-८ इंजिन बसवायची लाट उठली. मसल कार म्हणजे ती. आपली कंटेसा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून बेतलेली. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये ती बाजारात आणली तेव्हा तिच्यात ॲम्बेसेडरच्याच जातीचं दीड लिटरचं इंजिन होतं आणि एवढं मोठं धूड ओढताना ते रडकुंडीला यायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, नावापुढे ‘क्लासिक’ लागलं आणि गाडीला अंगाला शोभेल असा जोर मिळाला. २००२ पर्यंत ती बनत होती. लांब बॉनेट, रुंद तोंड, ताकद मागच्या चाकांना. तिला मसल कार म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ते प्रेमापोटी म्हणतात, आणि ते प्रेम मलाही आहे.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरून आत वळलं की चिकलठाण्याच्या बाजूला माझं गॅरेज. आयटीआय झाल्यावर वाळूज एमआयडीसीत वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुड्या, बनवणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षं काढली, मग स्वतःचं काम सुरू केलं. बजाजचा कारखाना वाळूजला १९८५ मध्ये आला, शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडा आली, आणि या दोन टोकांच्या मध्ये गाडीचा कुठला ना कुठला भाग बनवणाऱ्या शेड उभ्या राहत गेल्या. त्यामुळे या शहरात गाडीच्या तारेला हात लावलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. तरीही जुन्या गाडीचं वायरिंग मुळापासून नवं करून द्या म्हटलं, की बहुतेक जण मागे सरतात. इंजिन खोललं की झीज डोळ्यांना दिसते, बोटांना लागते. तारेतला दोष दिसत नाही. तो मोजावा लागतो, आणि मोजायला वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे द्यायची गिऱ्हाइकाला सवय नसते.

ही कंटेसा माझ्याकडे आली ती टोचन लावून. मालक सिडकोतला तिशीतला मुलगा. गाडी त्याच्या वडिलांनी नव्वदच्या दशकात नवी घेतलेली, एमएच-२० पासिंगची. शहराचं नाव बदललं, पासिंग तेच राहिलं. मुलाने वर्षभर पैसे साठवून इंजिनाचं काम करून घेतलं होतं, आणि ते उत्तम झालं होतं. ज्या उस्तादांनी ते केलं त्यांना मी ओळखतो. हेडचं काम, नवा कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन, आणि ते चालवायला वेगळा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक. ब्लॉक मात्र मूळचाच, नंबरही तोच. हे मला आवडलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, आरसी बुकातल्या नोंदींशी मेळ न खाणारी गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे दर चौकात जीव मुठीत धरणं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी पासिंगला उभं राहावंच लागतं. तिथे इंजिनाचा नंबर जुळणारी गाडी ताठ मानेने उभी राहते.

बिघडलेलं होतं ते वायरिंग. इंजिन तयार झाल्यावर दुसऱ्या शहरातल्या एका गॅरेजने ते जुन्या हार्नेसवरच चढवलं होतं. तीस वर्षांच्या तारा, त्यांना चिमट्याने टोचून काढलेले फाटे, वर चिकट होऊन ओघळलेली टेप. रेडिएटरच्या पंख्याला हॉर्नच्या तारेतून करंट दिलेला. नवी घातलेली प्रत्येक तार लाल. पेट्रोलच्या पंपाची लाल, पंख्याची लाल, ईसीयूची लाल. करणाऱ्याच्या हाताशी तेव्हा लाल रंगाचं बंडल असणार. गाडी चालू व्हायची, मध्येच बंद पडायची, आणि पाच हजार आरपीएमच्या पुढे गेली की ठोके चुकवायची.

मालकाचं मागणं दोन प्रकारचं होतं. त्याला ती रोज शहरात चालवायची होती, एसी लावून, वडिलांना मागे बसवून. आणि लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाची ड्रॅग शर्यत होते, तिथे पाव मैल पळवायची होती. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, उभ्यापासून सुरू. वडील त्याच्यासोबत आले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, “रात्री पैठणहून परत येताना दिवे जाणार नाहीत ना?”

मी म्हणालो, “अण्णा, ते आधी. पळायचं नंतर.”

शर्यतीचं काम काही सेकंदांचं आणि पैठण रोडचं काम आयुष्यभराचं, हे ज्याला पटत नाही त्याच्या गाडीला मी हात लावत नाही. मुलाला ते पटलं.

तारा उपटण्याआधी एक रोग शोधायचा होता, नाहीतर तो नव्या वायरिंगमध्येही आला असता. सेल्फ मारला की मोटर जड फिरायची. बॅटरी नवी, सेल्फ नुकताच भरलेला. मी मुलाला सेल्फ मारायला लावला आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावला. केबल कोमट झाली होती. मल्टिमीटरची एक पिन इंजिनाच्या ब्लॉकला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून पुन्हा सेल्फ मारला. तिथे दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर काही दिसायला नको. मीटरवर दोन व्होल्टच्या पुढे आकडा गेला. इंजिन काढताना ब्लॉक आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी कुणीतरी सोडली होती आणि परत लावलीच नव्हती. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, रबरातून करंट जात नाही. मग सेल्फचा दीडशे-दोनशे अँपिअरचा करंट परतीची वाट शोधत ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, जिथे लोखंडाला लोखंड लागेल तिथून बॉडीला जात होता. अशा केबल लाल होऊन अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. ॲक्सिलरेटर दाबलेला राहतो आणि गाडी थांबत नाही. लोक पॉझिटिव्हच्या तारेला घाबरतात, कारण ठिणगी तिच्यातून दिसते. मी अर्थिंगला जास्त जपतो.

मग जुना हार्नेस पूर्ण काढला. एक फूटही ठेवला नाही. जुन्या ब्रिटिश पद्धतीत रंगांना अर्थ असे: तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरा इग्निशन, हिरवा फ्यूजनंतरचा, काळा अर्थिंग. पण तीस वर्षांच्या दुरुस्त्यांनंतर या गाडीतला एकही रंग खरं बोलत नव्हता. जी तार हिरवी म्हणून डॅशबोर्डखाली शिरली ती बॉनेटखाली पिवळी होऊन निघत होती.

आणि मग मी कागद घेतला.

वाळूजच्या कारखान्यात हार्नेस फळीवर बनतो. मोठ्या फळीवर गाडीच्या वायरिंगचा खऱ्या मापाचा नकाशा चिकटवलेला असतो, वळणावळणावर खुंट्या ठोकलेल्या असतात आणि तार नकाशावरून चालते. आमच्या लाइनवर बहुतेक बायका होत्या. सकाळच्या शिफ्टला वाळूजच्याच आसपासच्या रांजणगाव, पंढरपूर, जोगेश्वरीकडून यायच्या आणि दिवसभर उभ्याने काम करायच्या. त्यांच्यातल्या एका ताईंनी मला क्रिंप शिकवलं. टर्मिनल तारेवर दाबून बसवणं एवढंच ते काम, पण ताई प्रत्येक क्रिंप उजेडात धरून बघायच्या: तारेचे सगळे पदर आत आहेत का, पुढे किंचित डोकावतात का, प्लॅस्टिकचं कवच मागच्या पकडीत बसलंय का. मग ओढून बघायच्या. एक चौरस मिलिमीटरच्या तारेचं क्रिंप दहा किलोचा ताण सहज सोसायला हवं. सोल्डर केलेला जोड मजबूत वाटतो, पण शिसं तारेच्या पदरांत वर चढतं, तिथे तार ताठ होते आणि ताठ भाग संपतो त्याच रेषेवर धक्क्यांनी तुटते. गाडी सतत थरथरते. म्हणून कारखाने दाबतात, डागत नाहीत. ताईंकडून हे शिकलो तसं कुठल्याच पुस्तकातून शिकलो नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा तेच शिकवतो.

तर कंटेसासाठी मी प्लायवूडची फळी उभी केली. पण फळीच्याही आधी कागद, आणि कागदावर पहिल्यांदा तार काढायची नाही, भार लिहायचा. कशाला किती करंट लागतो. हेडलाइटचे दोन बल्ब मिळून सुमारे ९ अँपिअर. मागचे दिवे आणि डॅशबोर्ड ४. ईसीयू आणि इंजेक्टर ५. कॉइल ६. पेट्रोलचा पंप ८. रेडिएटरचा पंखा २०. एसीचा ब्लोअर १५, क्लच ४. वायपर ५. बेरीज ७६. पावसाळ्यातल्या रात्री, एसी लावून, क्रांती चौकात सिग्नलला उभं असताना हे सगळं एकदम चालू असू शकतं. आणि नेमकं तेव्हा इंजिन आयडलला असतं. अल्टरनेटरवर ९० अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो आकडा वेगाने फिरतानाचा. आयडलला त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतो. उरलेलं बॅटरी देते आणि हळूहळू बसते. गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी खराब निघाली. बॅटरीचा दोष नसतो, बेरीज कुणी केलेली नसते. आम्ही कमी फेऱ्यांतही भरपूर देणारा अल्टरनेटर निवडला, त्याची पुली लहान केली, आणि एका मोठ्या पंख्याऐवजी दोन लहान पंखे लावले. पहिला पाणी तापायला लागल्यावर, दुसरा आणखी तापल्यावर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा दोन्ही चालतात. जानेवारीत एकावर भागतं.

भार कळला की तारेची जाडी ठरते. आमच्या बाजारात अजूनही तार पदरांच्या भाषेत मागितली जाते: १४/०.३० म्हणजे तीन दशांश मिलिमीटरचे चौदा पदर, साधारण एक चौरस मिलिमीटर, २८/०.३० म्हणजे दोन. ४४ म्हणजे तीनच्या थोडं वर. बारा व्होल्टच्या गाडीत जाडी फार महत्त्वाची. शेतात मोटारीला लांबून बारीक केबल ओढली की मोटर घरघरते आणि पाणी चढत नाही, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गाडीत तेच होतं, फक्त घरघर ऐकू येत नाही, दिवा पिवळा पडतो. एक चौरस मिलिमीटरच्या चार मीटर तांब्यातून दहा अँपिअर गेले की जाता जाताच पाऊण व्होल्टच्या आसपास खर्च होतो. शिवाय जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या बटणातून जातो, तिथले पॉइंट झिजलेले, तिथे आणखी जातो. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड तीस टक्क्यांनी घटतो. लोक मग जास्त वॅटचे बल्ब टाकतात, समोरच्याचे डोळे दिपवतात आणि आपला रिफ्लेक्टर करपवतात. त्याची काही गरज नसते. बॅटरीपासून जाड तार, फ्यूज, रिले, तिथून जाड तार थेट बल्बला, आणि बल्बची अर्थिंगही तेवढीच जाड. डॅशबोर्डचं बटण फक्त रिलेला इशारा देतं. अण्णांच्या पैठण रोडचा प्रश्न एवढ्याने सुटला. बल्ब मूळच्याच ६०/५५ वॅटचे ठेवले.

फ्यूजबद्दल एक गोष्ट मी थकून जाईपर्यंत सांगतो. फ्यूज असतो तो तारेला वाचवायला, पंख्याला किंवा पंपाला वाचवायला नव्हे. म्हणून तो तारेच्या जाडीवरून ठरतो आणि बॅटरीच्या जितका जवळ लावता येईल तितका जवळ लावायचा. पंख्याजवळ लावलेला फ्यूज बॅटरीपासून पंख्यापर्यंतच्या उघड्या तारेचं काहीच रक्षण करत नाही. आणि उडालेल्या १५ च्या जागी ३० चा लावणारा माणूस गाडी पेटवायची तयारी करत असतो. या कंटेसात तेच केलेलं होतं. डॅशबोर्डखालच्या कार्पेटला भाजल्याचा डाग होता.

डॅशबोर्डवर पूर्वी अँपिअर-मीटर असायचा तोही काढला, त्याजागी व्होल्टमीटर बसवला. यात अमेरिकेतल्या मसल कार चालवणाऱ्यांचा अनुभव उपयोगी पडला. साठ-सत्तरच्या दशकातल्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांमध्ये चार्जिंगचा सगळा करंट इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातल्या कनेक्टरमधून डॅशबोर्डवरच्या अँपिअर-मीटरपर्यंत यायचा आणि तसाच परत जायचा. तेव्हाच्या लहान अल्टरनेटरला ते चाललं. पुढे मालकांनी मोठे अल्टरनेटर, पंखे, पंप जोडले आणि ते कनेक्टर वितळायला लागले. आजही तिकडे अशी गाडी हातात आली की जाणकार माणूस आधी हा फेरा तोडतो आणि अल्टरनेटरची जाड तार सरळ बॅटरीकडे नेतो. जगाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या गाडीवर, कुणीतरी भाजून शिकलेलं शहाणपण चिकलठाण्यातल्या गाडीला वाचवतं, याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

ड्रॅगसाठी बॅटरी डिकीत न्यायची होती. पंधरा-सोळा किलो वजन नाकावरून उचलून मागच्या चाकांवर ठेवलं की सुटताना पकड वाढते. पण मग सेल्फपर्यंत पाच मीटर केबल आली. ३५ चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर १८० अँपिअरला अर्धा व्होल्टही जात नाही. १६ ची घेतली तर जवळजवळ एक व्होल्ट जातो आणि उन्हात तापलेलं इंजिन सुरू होत नाही. परतीसाठीही तेवढीच जाड वेगळी केबल ब्लॉकपर्यंत आणली. तीस वर्षांच्या पत्र्याच्या जोडांवर मी एवढा मोठा करंट सोडत नाही.

आणि इथे रस्ता आणि शर्यत यांचं पहिलं खरं भांडण झालं. डिकीत बॅटरी असली की गाडीच्या मागे, बाहेरून बंद करता येईल असा मेन स्विच हवा. अपघात झाला तर धावत आलेल्या माणसाने आत न वाकता सगळं बंद करायला हवं. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमात एक जास्तीची अट आहे आणि ती फार विचार करून घातलेली आहे: स्विच बंद केल्यावर चालू इंजिन बंद पडलं पाहिजे. नुसती बॅटरी तोडली तर इंजिन बंद पडत नाही. अल्टरनेटर फिरतच असतो, तो कॉइलला आणि पंपाला पोसत राहतो, म्हणजे उलटलेल्या गाडीत पेट्रोलचा पंप चालूच. म्हणून अल्टरनेटरची तार अशी जोडावी लागते की स्विच पडला की तोही सुटा होईल, आणि ईसीयू व पंपाचा पुरवठा त्याच क्षणी तुटेल. बॅटरीपासून तोडलेला फिरता अल्टरनेटर भलतं व्होल्टेज फेकू शकतो, त्यात ईसीयू जळू नये म्हणून हे सगळं एकाच दांड्याने व्हावं लागतं. आम्ही दोन जोड असलेला स्विच बसवला आणि गाडी चालू ठेवून तो पुन्हा पुन्हा पाडून पाहिला. दरवेळी इंजिन तिथल्या तिथे गप्प झालं, तेव्हाच पुढचं काम हातात घेतलं.

पण असा स्विच शहरात उघडा ठेवायचा कसा? निराला बाजारात गाडी उभी केली आणि जाणाऱ्या पोराने दांडा ढकलला तर? सिग्नलला कुणी ढकलला तर? म्हणून स्विच डिकीच्या आत राहिला आणि नंबर प्लेटच्या बाजूच्या भोकातून बाहेर येणारा दांडा काढता-घालता येईल असा केला. शर्यतीच्या दिवशी दांडा बसवायचा, वर ‘बंद’ची खूण चिकटवायची. एरवी दांडा काढून भोकाला रबरी बूच. इंजिनवाले उस्ताद हे बघून म्हणाले, “भाई, ये काम का है.” उस्ताद कमी बोलतात. मला तेवढं पुरलं.

पाच हजार आरपीएमच्या पुढे ठोके चुकायचे त्याचं कारण वायरिंग काढतानाच सापडलं होतं. क्रँक सेन्सरची तार कॉइलच्या तारांसोबत एकाच टेपमध्ये गुंडाळलेली होती. सेन्सरचा इशारा नाजूक, कॉइलचा धक्का मोठा, आणि फेऱ्या वाढल्या की धक्के दाट होतात. ईसीयूला खरा इशारा आणि खोटा इशारा वेगळा कळेना. नव्या हार्नेसमध्ये सेन्सरची तार जाळीच्या कवचाची घेतली, दुसऱ्या बाजूने नेली, आणि जाळीची अर्थिंग फक्त ईसीयूच्या टोकाला केली. दोन्ही टोकांना केली तर जाळीतूनच करंट फिरायला लागतो. ज्यांनी आधी हे काम केलं त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कुणी त्यांना सांगितलं नसणार, आणि लिहून ठेवलेलं कुठेच नसणार.

पहिल्यांदा करंट सोडताना मी बॅटरी आणि गाडी यांच्यामध्ये २१ वॅटचा साधा इंडिकेटरचा बल्ब जोडतो. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, तार जळत नाही. बल्ब अंधारात राहिला. मग एकेक फ्यूज घालत गेलो.

चाचणी रस्त्यावर घेतली. मे महिन्यात, संध्याकाळच्या गर्दीत, एसी आणि दिवे लावून, सेव्हन हिल्सपासून क्रांती चौकापर्यंत आणि परत, मुद्दाम उड्डाणपुलांवर न चढता खालून. सिग्नलला व्होल्टमीटर साडेतेराच्या खाली आला नाही. मग पाण्याचा पाइप घेऊन बॉनेटखाली, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, चाकांच्या कमानीत पाणी मारलं. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट होतं आणि आत शिरण्याआधी तारेला खाली झोल दिलेला होता, म्हणजे पाणी तारेवरून वाहत आलं तरी झोलाशी टपकतं, आत जात नाही. मुलाच्या एका मित्राने त्याच आठवड्यात समृद्धी महामार्गावर गाडी ताणून बघू म्हटलं. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून आमच्या भागातल्या पोरांना तो सरळसोट रस्ता खुणावतो. मी स्पष्ट सांगितलं, तिथे ही गाडी ताणली तर माझ्याकडे परत आणू नका. मर्यादा ताशी १२० ची आहे, आणि तिथे दुसऱ्यांची लेकरंबाळं असतात. शर्यतीसाठी अडवलेली धावपट्टी असते, तपासणी असते, रुग्णवाहिका उभी असते. तिथेच जा.

ते तिथेच गेले. गाडी ट्रकवर न घालता अहिल्यानगर, पुणे, लोणावळा अशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास स्वतःच्या चाकांवर नेली, अण्णा मागच्या सीटवर. मीही सोबत होतो. पाव मैलाला सतरा सेकंदांच्या आत-बाहेर वेळ लागला. शेजारी उभ्या असलेल्या परदेशी गाड्यांपुढे हा आकडा लहान आहे आणि आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. दोन धावांच्या मधल्या रांगेत इंजिन बंद ठेवून दोन्ही पंखे चालू होते, तरी प्रत्येक वेळी सेल्फ पहिल्या झटक्यात लागला. रात्री परत येताना दिवे पांढरेशुभ्र होते.

आता कागदाबद्दल, कारण मला सांगायचं आहे ते तेच. मी ज्यांच्याकडे सुरुवातीला शिकायला बसलो ते दुसरे उस्ताद पैठण गेटजवळ काम करायचे. बोटांत अशी जादू, की डॅशबोर्डखाली न बघता हात घालून नेमकी तार काढायचे. त्यांनी एकही नकाशा काढला नाही. सगळं डोक्यात. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि त्यांच्या हातच्या गाड्या अजून माझ्याकडे येतात. काम सुंदर आहे, पण कुठली तार कुठे जाते ते सांगणारं कुणी उरलं नाही. शेवटी मला ते काढून टाकावं लागतं. त्यांच्या हातचं काम कापताना मला दरवेळी वाईट वाटतं.

धंद्यातले काही मित्र म्हणतात, नकाशा दिला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल. जाऊ दे. माझं गॅरेज बंद असेल तेव्हा, जालन्यात किंवा बीडला गाडी थांबली तर, तिथल्या मुलाला काय करायचं ते कळायला हवं. गिऱ्हाईक अडवून धरायचं असेल तर कामाने धरावं, अज्ञानाने नको. कंटेसाच्या नकाशाच्या तीन प्रती काढल्या. एक प्लॅस्टिकमध्ये घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये, एक मालकाकडे, एक माझ्या फाइलला. प्रत्येक तारेचा रंग, जाडी, सुरुवात आणि शेवट. प्रत्येक फ्यूजचा आकडा आणि तो का. रिलेच्या ३०, ८५, ८६, ८७ या पायांना काय लागलं आहे. अर्थिंगचे सगळे बोल्ट कुठे आहेत. आणि कुठली तार मोकळी, पुढच्यासाठी ठेवली आहे. तारेच्या दोन्ही टोकांना तेच नंबर असलेली नळी.

तुमच्या घरी जुनी कंटेसा, पद्मिनी, ॲम्बेसेडर, जीप असेल आणि तिचं वायरिंग करून घेणार असाल, तर पैसे ठरवतानाच कारागिराला सांगा की नकाशा हवा, आणि त्याच्या वेळेचे पैसे वेगळे द्या. ते घासाघीस न करता द्या. आणि तुम्ही कारागीर असाल तर आज हातात असलेल्या गाडीपासून सुरुवात करा. वहीचं एक पान पुरतं.